अनिवासी गुंतवणूकदार आणि अमेरिकेतील मृत्युकर

भारतात १९५३ च्या कायद्याने लागू झालेला मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे वारसा करमुक्तच असतो, अशी धारणा आढळते. तथापि भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाचे अमेरिकेत घर किंवा अमेरिकन कंपन्यांचे शेअर्स असल्यास त्याच्या मृत्यूनंतर त्यांवर तेथील संघीय मृत्युकर लागू होतो. शेअर्स भारतातून खरेदी केले असले तरी कंपनी अमेरिकन असल्याने ते तेथीलच मालमत्ता ठरतात. अमेरिकन नागरिकांना २०२६ साठी दीड कोटी डॉलरची सूट आहे. अनिवासी परकीयांना मात्र सर्वसाधारणपणे केवळ ६०,००० डॉलरची. कमाल दर ४० टक्के आहे. उभय देशांतील करार आयकरापुरताच मर्यादित असल्याने त्याचे संरक्षण येथे मिळत नाही. म्हणून गुंतवणुकीपूर्वीच वारसांवरील या संभाव्य भाराचा विचार करणे अगत्याचे ठरते.