आधी श्वास, मग सतार

रात्री दीड वाजता माझ्या रूम पार्टनरच्या मोबाइलवर सतार वाजत होती. आमच्या धाराशिवच्या भाड्याच्या खोलीत त्या वेळेला एकतर चालू घडामोडींचं लेक्चर सुरू असतं, नाहीतर कुणाच्या तरी हळदीतला डीजे लांबून ऐकू येतो. मी वैतागून म्हटलं, "हे काय लावलंयस?" तो म्हणाला, "राहू दे रे. हे चालू असलं की छाती जरा मोकळी वाटते."

मी कूस बदलून झोपलो. छाती मोकळी वाटते म्हणजे एरवी ती भरून आलेली असते, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात यायला तीन आठवडे लागले.

सतार वाजवणारा होता ऋषभ रिखीराम शर्मा. लांब केसांचा हा पोरगा तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. जन्म १९९८ चा, दिल्लीच्या वाद्य बनवणाऱ्या घराण्यातला. फाळणीनंतर लाहोरहून दिल्लीत आलेलं 'रिखी राम' हे त्यांचं दुकान. पंडित रविशंकरांच्या सतारी त्यांनी बनवल्या, आणि बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९६६ मध्ये इथूनच सतार घेतली. ऋषभनं रविशंकरांकडेही थोडेफार धडे घेतले. २०२२ च्या दिवाळीत तो थेट व्हाइट हाउसमध्ये वाजवून आला.

आता एवढं वाचून वाटेल, याला कसलं टेन्शन? मलाही तसंच वाटलं होतं. पण आजोबा गेले, पाठोपाठ कोरोना आला आणि हा पार खचला. नैराश्य, धास्ती, सगळं. त्यातून बाहेर यायला त्यानं थेरपिस्टची मदत घेतली, आणि ही गोष्ट तो लपवत नाही. लोकांसाठी ऑनलाइन वाजवायला लागला, त्यातूनच 'सतार फॉर मेंटल हेल्थ' उभं राहिलं. सुरुवात ऑनलाइन झालेली, आता मोठमोठे हॉल भरतात. कार्यक्रमात तो लोकांना डोळे मिटायला लावतो, श्वासाचे व्यायाम करून घेतो आणि स्वतःचं काय झालं होतं तेही सांगतो.

आलापाला ताल नसतो. तबला नाही, घाई नाही. एक सूर लागतो, विरतो, मग पुढचा येतो. तीस सेकंदांच्या रील्सवर वाढलेल्या आपल्याला पहिली दोन मिनिटं चुळबुळायला होतं. नंतर कधीतरी लक्षात येतं की आपला श्वासही लांबलाय. मी स्वतः करून पाहिलं. पाचव्या मिनिटाला मोबाइलकडे हात गेला, हे पण कबूल करतो.

बरं, सतार म्हणजे आपल्यापासून लई लांबचं काहीतरी, असंही नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांना लागणारे भोपळे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात.

मात्र 'अमुक राग ऐका, डिप्रेशन पळेल' असल्या फॉरवर्डवर माझा काडीचा विश्वास नाही. कॉक्रेन या संस्थेनं २०१७ मध्ये नैराश्य आणि संगीतोपचारावरचे नऊ अभ्यास, म्हणजे ४२१ लोक, एकत्र करून तपासले. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली, तर नुसत्या उपचारांपेक्षा थोड्या काळापुरता का होईना जास्त फायदा दिसला. 'जोड' हा शब्द महत्त्वाचा आहे. शिवाय तिथला संगीतोपचार म्हणजे शिकलेल्या माणसासोबत बसून करायचा उपचार, इअरफोन लावून पडून राहणं नव्हे.

आपल्या जिल्ह्यात मनाचा विषय निघतो तो बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या बातमीत. २०१५ मध्ये सरकारनं बळीराजा चेतना अभियान सुरू केलं तेही यवतमाळ आणि आपल्या तेव्हाच्या उस्मानाबादेत. पण त्याच घरातून शिकायला आलेल्या पोराचं काय? बापानं सोयाबीन विकून मेसचे पैसे पाठवलेले, दुसरा अटेम्प्ट गेलेला, आणि फोनवर रोज एकच उत्तर: "अभ्यास मस्त चाललाय." माझ्या पार्टनरचं अगदी हेच होतं. गावाकडं त्याची आई दर एकादशीला भजनाला जाते. टाळ घेऊन बायकांत बसते, रडू आलं तर रडते, हलकी होऊन घरी येते. त्याला कुणी वेलनेस म्हणत नाही, पण तिला बसायला जागा तरी आहे. तिच्या पोराला खोलीत मोबाइलशिवाय कुणी नव्हतं. मी होतो, पण मी कूस बदलून झोपलो होतो.

तीन आठवड्यांनी पुन्हा रात्री सतार लागली तेव्हा मी उठून लाइट लावला. "किती दिवस झोपला नाहीस?" तो आधी हसला. मग बराच वेळ बोलत राहिला. मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी मध्ये बोललो नाही. पहाटे आम्ही १४४१६ लावला. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. पुढच्या आठवड्यात तो सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन आला. केसपेपरच्या रांगेत गावातलं कुणी दिसलं तर काय सांगायचं, याचीच त्याला जास्त भीती होती. "माझ्या पोटात दुखतंय म्हणू," असं ठरलं होतं.

गोळ्या चालू आहेत. झोप परत यायला लागलीय. सतार अजूनही लागते, पण आता साडेदहाला आणि स्पीकरवर. आलाप संपून गत सुरू झाली, तबला आला की तो बंद करतो. म्हणतो, "इथून पुढं मला राज्यघटना आठवायला लागते."

पुढची तारीख गुरुवारची आहे. तो एकटा जाऊ शकतो म्हणतोय. मी तरी गाडीत पेट्रोल टाकून ठेवलंय.