दुसरी पाळी सुटल्यावरची दिघी

रात्री साडेअकराच्या सुमारास भोसरीच्या कंपन्यांतली दुसरी पाळी सुटते आणि पुढचा तासभर दिघीचे रस्ते पुन्हा जागे होतात. कंपनीच्या बस मॅगझिन चौकात माणसं उतरवतात, दुचाक्यांची रांग भुर्जीपावच्या गाड्यांपाशी थबकते, पाठीवर डब्याची पिशवी अडकवलेली पोरं गल्लीबोळांत पांगतात. पुण्याच्या रात्रजीवनाबद्दल बोलताना आपल्याला कोरेगाव पार्क आठवतं, बाणेर आठवतं, विमाननगर आठवतं. दिघीचं नाव त्या यादीत नसतं. तरीही ही रात्र समजून घ्यायला हवी, कारण ती चैनीतून आलेली नाही. कारखाने, लष्कर आणि आळंदीची वाट यांच्यामुळे दिघीच्या रात्रीला तिचा स्वभाव मिळाला आहे.

रेड झोन आणि गुंठा

पिंपरी-चिंचवड १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. दिघी मात्र १९९७ पर्यंत गावच होतं. त्या वर्षी हद्दवाढीत आलेल्या अठरा गावांमध्ये ते शहरात आलं. गावाच्या अवतीभवती लष्कराचा मोठा शेजार आहे. दापोडीच्या बाजूला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं सीएमई. आळंदी रस्त्यालगत डीआरडीओची संशोधन संस्था, टेकडीवर १९९४ मध्ये सुरू झालेलं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि चौकाला नाव देणारं दारूगोळ्याचं कोठार.

कोठाराभोवतीच्या जमिनीवर १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्यानुसार निर्बंध आहेत. लोक त्याला ‘रेड झोन’ म्हणतात. या पट्ट्यात मोठ्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, कर्ज मिळवताना अडचण येते. म्हणूनच इथली जमीन स्वस्त राहिली. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून कंपनीत आलेल्या कामगाराला शहरात घर परवडलं ते इथे. एक-दोन गुंठ्यांवर आधी दोन खोल्या, मग ओव्हरटाइमच्या पैशातून वरचा मजला, मग भाडेकरूसाठी बाहेरून जिना. निवृत्त जवानांनीही इथेच घरं बांधली. परांडेनगर, भारतमातानगर, दत्तनगर, आदर्शनगर ही वस्ती या कष्टातून वाढली. रेड झोनच्या बाहेर, आळंदी रस्त्याच्या कडेने, उंच सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत. पण आतल्या दिघीत मॉल, मल्टिप्लेक्स, मोठी हॉटेलं आली नाहीत. रात्रीची वर्दळ गाड्यांवर, टपऱ्यांवर आणि खानावळींतच राहिली.

लष्कराच्या शेजाराचा परिणाम शेजारच्या बोपखेलने अधिक सोसला. २०१५ मध्ये सीएमईच्या हद्दीतून दापोडीला जाणारा रस्ता नागरिकांसाठी बंद झाला आणि गावाला दिघी-विश्रांतवाडीचा लांबचा वळसा घ्यावा लागला. मुळा नदीवर पूल होईपर्यंतची वर्षं गावाने अशी काढली. रात्री साडेबाराला घरी पोहोचणाऱ्या माणसासाठी वाढलेला प्रत्येक किलोमीटर त्याच्या झोपेतून वजा होतो.

पाळीवर चालणारी वस्ती

एमआयडीसीची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि भोसरी-पिंपरी-आकुर्डी पट्टा कारखान्यांनी भरत गेला. पुढे चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाले आणि सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या शॉपना तिथूनही काम मिळू लागलं. दिघी या दोन्हींच्या टप्प्यात आहे. त्यामुळे इथल्या घराघरांत कुणी फर्स्टला असतं, कुणी सेकंडला, कुणी नाईटला, आणि पाळी दर आठवड्याला बदलते.

याचा अर्थ वस्तीत सगळे एकाच वेळी कधीच झोपलेले नसतात. कॉट बेसिसवर दिलेल्या खोलीत एक सीएनसी ऑपरेटर रात्रपाळीला निघतो तेव्हा दुसरा सेकंड करून येतो, आणि खाट तीच असते. किराणा दुकान उशिरापर्यंत उघडं राहतं, कारण दूध, अंडी आणि मोबाईलचं रिचार्ज घेणारं गिऱ्हाईक त्याच वेळी येतं. पहाटे चार-पाचला पोह्याच्या गाड्या लागतात. त्याच वेळी पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं धावायला बाहेर पडतात. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतले दिवे विझतात तेही याच सुमाराला.

मुंबईच्या गिरणगावात हे सगळं आपण एकदा पाहिलेलं आहे. तिथेही चाळीतल्या गाळ्यात पाळीनुसार अंथरुणं बदलत आणि खानावळी चालवणाऱ्या बाया गिरणीच्या वेळेवर भाकऱ्या थापत. त्या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. दिघी-भोसरीत मेस आणि डबे चालवणाऱ्या बायांचं कामही तितकंच मोलाचं आहे. सेकंड शिफ्टच्या माणसासाठी जेवण गरम ठेवणं म्हणजे स्वतःची झोप बारानंतर ढकलणं. या श्रमाची नोंद कुठल्याही औद्योगिक आकडेवारीत होत नाही. ती व्हायला हवी.

बुधवारची रात्र

इथला आठवडाही वेगळा आहे. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना वेगवेगळ्या वारी सुट्टी द्यायची पद्धत पडली आणि भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे इतर शहराला शनिवारची रात्र जशी, तशी इथल्या कामगाराला बुधवारची. मटण-चिकनच्या दुकानांत आणि बिर्याणीच्या हातगाड्यांवर बुधवारी संध्याकाळपासून गर्दी होते. मराठी घरांत बुधवार हा खाण्याचा वार आणि गुरुवार दत्ताचा, पाळण्याचा. म्हणजे रात्री रस्सा आणि सकाळी दत्तगडाच्या टेकडीवर दर्शन, असा क्रम सहज जुळून येतो. गावाकडे फोन, घरभाडं, कपडे धुणं, केस कापणं ही कामंही गुरुवारची. ज्या कंपन्यांची सुट्टी रविवारी असते, त्यांच्या कामगारांची रात्र अर्थात वेगळी.

जागराची जुनी वाट

कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून या रस्त्याला रात्र जागवायची सवय आहे. आळंदी इथून दहा किलोमीटरच्या आत आहे. दर वद्य एकादशीला पायी वारी करणारे टाळकरी याच रस्त्याने जातात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानोबारायांच्या पालखीचं प्रस्थान होतं आणि दुसऱ्या दिवशी पालखी थोरल्या पादुकांपाशी विसावून दिघीवरून पुण्याकडे निघते. आदल्या रात्री दिघीत झोप कुणाला? मांडव घालायचे, चहा-पोह्यांची तयारी करायची, पाण्याचे टँकर लावायचे. कार्तिक वद्यात, संजीवन समाधी सोहळ्याच्या दिवसांत, हीच धामधूम पुन्हा होते. माउलींनी १२९६ मध्ये समाधी घेतली. वारीची ही जुनी परंपरा आजच्या कामगाराने सोडलेली नाही. नाईट करून आलेला माणूस अंघोळ करून थेट पालखीला उभा राहतो.

रात्री बाहेर पडण्याला सार्वजनिक कारण हवं, हे आपल्या समाजाने आधीच मान्य केलेलं आहे. कीर्तन, जागर, गणपतीचे देखावे, जत्रेतला तमाशा ही कारणं जुनी आहेत. रात्रपाळी हे त्यातलं नवं कारण, पण त्याच्यासाठी मांडव घालायला कुणी पुढे आलेलं नाही.

रात्रीचा नागरिक

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने, मद्यविक्रीची ठिकाणं वगळून, ती मुभा पुन्हा स्पष्ट केली. कारखान्यांत स्त्रियांना रात्रपाळी देण्याचा मार्गही २०१५ च्या दुरुस्तीने अटींसह मोकळा झाला. कायद्याने रात्र उघडली. शहराने मात्र ती अजून नीट उघडलेली नाही.

पुणे मेट्रोची वेळ जानेवारी २०२५ पासून रात्री अकरापर्यंत वाढली, हे स्वागतार्ह आहे. पण दुसरी पाळी त्यानंतर सुटते. पीएमपीच्या रातराणी बस मोजक्याच मार्गांवर धावतात. ज्यांना कंपनीची बस आहे ते सुखी. छोट्या शॉपमधल्या ठेक्यावरच्या कामगाराला शेअर रिक्षा किंवा कुणाच्या तरी गाडीची मागची सीट शोधावी लागते. लंडनने २०१६ मध्ये शुक्रवार-शनिवारी रात्रभर भुयारी रेल्वे सुरू केली आणि ॲम्स्टरडॅमने रात्रीच्या शहराची बाजू मांडणारा स्वतंत्र प्रतिनिधी नेमला. तिथे मागणी मुख्यतः करमणुकीची होती. आपल्याकडे ती रोजगाराची आहे, म्हणून अधिक निकडीची आहे.

सुरक्षेचा प्रश्न तर आपल्याला रक्ताने शिकवलेला आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर तिला घ्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजेजवळ अत्याचार करून तिचा खून केला. त्यानंतर कामावर नेणाऱ्या-आणणाऱ्या गाड्यांसाठी कडक नियम आले. पण गाडी मुख्य रस्त्यावर सोडून जाते आणि घरापर्यंतची गल्ली रात्रपाळीच्या बाईला एकटीलाच चालायची असते. त्या गल्लीतला दिवा चालू आहे की नाही, हा महापालिकेचा प्रश्न आहे.

पिंपरी-चिंचवडला २०१८ मध्ये स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याच्या आधारे जागेसोबत वेळेनुसारही विक्रीची सोय करता येते. म्हणजे यंत्रणा हाताशी आहेत. भुर्जीच्या गाडीला हुसकावून लावण्यापेक्षा तिला रात्रीची ठरलेली जागा, पाणी आणि दिवा द्या. चौकातलं स्वच्छतागृह रात्रभर उघडं ठेवा. पाळी सुटण्याच्या वेळा कंपन्यांकडून घ्या आणि रात्री पावणेबाराला भोसरीहून दिघीमार्गे आळंदीला एक बस सोडा. निवडणुकीच्या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दिघीकरांनी आधी या बसबद्दल विचारावं.