कोंबड्या एकाच जागी का जमल्या? माइनक्राफ्टमधील आज्ञा आणि त्यांतल्या चुकांचा शोध

पालघर जिल्ह्यातले सरावली हे बोईसरला खेटून असलेले गाव. तारापूर औद्योगिक वसाहत याच परिसरात पसरलेली, आणि तारापूरचे अणुवीज केंद्र काही किलोमीटरवर. त्या केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ मध्ये वीज मिळू लागली. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत ‘मोडिकॉन ०८४’ हे यंत्र वापरात आले. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले हे यंत्र म्हणजे आजच्या पीएलसीचा पूर्वज. कारखान्यातला पंप कधी सुरू व्हावा, झडप कधी मिटावी, हे आज पीएलसीच ठरवतो. सरावली-बोईसरकडच्या कितीतरी घरांत पॅनेल, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, होल्डिंग हे शब्द जेवणाच्या ताटावरही ऐकू येतात. त्याच घरातला मुलगा मोबाइलवर चौकोनी ठोकळ्यांचा खेळ खेळत बसला, तर मोठ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. मात्र त्या ठोकळ्यांच्या आत तेच तर्कशास्त्र चालू असते.

हा खेळ म्हणजे माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी तो २००९ मध्ये लोकांपुढे ठेवला आणि २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही कंपनी २५० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या. यात जिंकणे-हरणे गौण. जग हाताशी दिलेले, त्यात काय करायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे.

या जगाचे घड्याळ सेकंदाला २० ठोके देते. प्रत्येक ठोक्याला, म्हणजे ५० मिलिसेकंदांनी, खेळ साऱ्या गोष्टींची स्थिती तपासतो आणि बदलतो. पीएलसीही असाच सतत फेऱ्या मारत असतो: इनपुट वाचायचे, प्रोग्राम चालवायचा, आउटपुट द्यायचे, पुन्हा पहिल्यापासून. खेळात ‘रेडस्टोन’ नावाची लाल भुकटी तारेचे काम करते. तिच्यातला संकेत १५ ठोकळ्यांपर्यंत जातो. पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर लावावा लागतो. रेडस्टोनची मशाल ज्या ठोकळ्यावर लावली आहे त्याला संकेत मिळाला की ती विझते. पॅनेलचे काम करणारा माणूस याला लगेच ‘एनसी कॉन्टॅक्ट’ म्हणेल, म्हणजे एरवी जोडलेला आणि संकेत मिळताच तुटणारा. दोन मशाली एकमेकींना विझवतील अशा जोडल्या की होल्डिंग तयार: बटण सोडले तरी स्थिती टिकते. एवढ्या साध्या जोडण्यांतून माणसे कुठवर गेली, तर २०२५ मध्ये ‘सॅमीयुरी’ या नावाने वावरणाऱ्या कारागिराने केवळ रेडस्टोनमधून संभाषण करणारे एक छोटे भाषा-प्रारूप उभारले. त्याला सुमारे ४४ कोटी ठोकळे लागले. खेळाचे घड्याळ हजारो पट वेगाने पळवूनही एका उत्तराला तासन् तास जातात. उपयोग शून्य, पण थक्क व्हावे असे काम.

रेडस्टोनच्या वरची पायरी म्हणजे आज्ञा. तिरपी रेघ टाइप करून इंग्रजी शब्द लिहिला की खेळ ती पाळतो: वस्तू देतो, प्राणी आणतो, डोंगर उभा करतो. (इथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, खेळात त्या रोमन लिपीतच लिहाव्या लागतात.) २०१२ मध्ये आलेल्या ‘कमांड ब्लॉक’मध्ये आज्ञा साठवून ठेवता येते आणि संकेत मिळताच ती आपोआप चालते. नारिंगी ब्लॉक संकेतागणिक एकदा चालतो, जांभळा दर ठोक्याला, आणि हिरवा आपल्या मागच्या ब्लॉकनंतर. खरी करमणूक इथून पुढे आहे, कारण आज्ञा पहिल्या फटक्यात क्वचितच चालते.

चुका दोन जातींच्या: बोलक्या आणि मुक्या. बोलकी चूक लाल अक्षरांत समोर येते. संगणकावरच्या जावा आवृत्तीत खेळ आज्ञा वाचता वाचता जिथे अडखळला तिथे बाण काढून ‘हिअर’, म्हणजे ‘इथे’, असे दाखवतो. बाण मात्र वाचन थांबले ती जागा दाखवतो. दोष बहुतेक वेळा त्याच्या एक-दोन अक्षरे आधी असतो. कंस मिटलेला नसतो, नाहीतर स्वल्पविराम राहिलेला असतो. कधी संदेशच सारे सांगून टाकतो. ‘/फिल ~ ~ ~ ~३२ ~३२ ~३२ स्टोन’ ही आज्ञा घ्या. नागमोडी खूण म्हणजे ‘मी उभा आहे तिथपासून’. माणसाला वाटते, ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, म्हणजे ३२,७६८ ठोकळे. खेळाची मर्यादाही नेमकी तेवढीच आहे, तेव्हा चालायला हवे. खेळ म्हणतो, ३५,९३७ झाले, जास्त आहेत. कारण शून्यापासून ३२ पर्यंत मोजले की ३३ होतात. ३२ च्या जागी ३१ लिहा, काम होते. कुंपणाला खांब किती लागतील याचा हिशेब केलेल्या कोणालाही ही चूक ओळखीची वाटेल.

मुक्या चुका छळतात. आज्ञा चालते, लाल अक्षर दिसत नाही, आणि घडते भलतेच. कमांड ब्लॉकमध्ये ‘/एक्झिक्यूट ॲज @ए रन समन चिकन ~ ~ ~’ असे लिहिले, अपेक्षा अशी की प्रत्येक खेळाडूच्या पायाशी एक कोंबडी यावी. कोंबड्या येतात, संख्याही बरोबर असते, पण साऱ्या कमांड ब्लॉकपाशीच गर्दी करतात. ‘ॲज’ने आज्ञा कोणाच्या नावाने चालते एवढेच बदलते, ती कोणत्या जागेवरून चालते ते ‘ॲट’ ठरवते. ‘ॲज @ए’नंतर ‘ॲट @एस’ जोडले की कोंबड्या जागच्या जागी (‘@एस’ म्हणजे ज्याच्या नावाने आज्ञा चालते तो). माझ्या मते हा एक फरक नीट कळला तर आज्ञांचे निम्मे गूढ संपते. ‘@ई’ म्हणजे ठोकळे सोडून सजीव-निर्जीव सारे काही, त्यात खेळाडूही आले; म्हणून ‘/किल @ई’ लिहिणारा स्वतःही मरतो. याउलट कमांड ब्लॉकमध्ये नुसते ‘@एस’ लिहिले तर कोणीच सापडत नाही, कारण ब्लॉक हा ठोकळाच.

गुणांची नोंद ठेवणाऱ्या ‘स्कोअरबोर्ड’मध्येही असाच एक खड्डा आहे. ज्याचा गुण कधी लिहिलाच नाही, त्याचा गुण शून्य नसतो, तो नसतोच. ‘ज्यांचे गुण शून्य त्यांना तलवार द्या’ म्हटले तर नव्याने आलेला खेळाडू वगळला जातो. आधी सर्वांना शून्य देऊन घ्यावे. आणि ब्लॉक ज्या भागात आहे तिथून खेळाडू दूर गेला, तर खेळ तो भाग स्मृतीतून काढून टाकतो आणि ब्लॉक झोपतो. जावा आवृत्तीत ‘फोर्सलोड’ आणि मोबाइलवरच्या बेडरॉकमध्ये ‘टिकिंगएरिया’ ही आज्ञा तो भाग जागा ठेवते.

आता आज्ञा न चालण्याचे सर्वांत मोठे कारण, आणि त्यात मुलाचा काहीच दोष नसतो. माइनक्राफ्ट एक नाही, दोन आहेत. संगणकावरची जावा आवृत्ती वेगळी. मोबाइलवर चालते ती बेडरॉक. व्हिडिओत सांगितलेली आज्ञा जावाची असते आणि मुलगा ती फोनवर लिहितो. जावामध्ये दहा ठोकळ्यांच्या आतले शोधायला ‘डिस्टन्स=..१०’, बेडरॉकमध्ये ‘आर=१०’. जावामध्ये प्राणी आणतानाच त्याला टोपी घालायची, तर महिरपी कंसात लांबलचक माहिती देता येते. बेडरॉकमध्ये प्राण्यांसाठी ती सोयच नाही.

शिवाय भाषा बदलत राहते. २०१८ मध्ये जावाच्या १.१३ या आवृत्तीने जवळजवळ सगळे व्याकरण नव्याने घडवले. २०२४ च्या एप्रिलमध्ये १.२०.५ आली आणि वस्तूंच्या वर्णनाचे महिरपी कंस जाऊन चौकोनी आले. त्याच वर्षी जूनमध्ये १.२१ ने आज्ञांच्या फायली ठेवायच्या फोल्डरचे नाव ‘फंक्शन्स’वरून ‘फंक्शन’ केले. एक ‘स’ गळाला, आणि जुने डेटापॅक, म्हणजे अशा फायलींचे संच, काही न सांगता निकामी झाले. या फायलींत आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: नावात मोठी इंग्रजी अक्षरे चालत नाहीत, आज्ञेआधी तिरपी रेघ द्यायची नाही, आणि जावामध्ये एक ओळ चुकली तरी सबंध फाईल नाकारली जाते. नोटपॅडने फायलीच्या नावापुढे गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटवले आहे का, हेही बघावे. विंडोज ते शेपूट लपवून ठेवते.

दोष शोधायची रीत वसाहतीतला इलेक्ट्रिशियन वापरतो तीच: सगळे एकदम तपासायचे नाही. ‘एक्झिक्यूट’ काढून नुसती आतली आज्ञा चॅटमध्ये चालवून पाहा. ती चालली तर निवड तपासा. जावामध्ये ज्यांना निवडले त्यांना ‘ग्लोइंग’ परिणाम दिला की ते भिंतीआडूनही चमकताना दिसतात. मग एकेक अट जोडत जा, आणि सगळ्यात शेवटी कमांड ब्लॉकमध्ये ठेवा. ब्लॉकमध्ये मागच्या वेळी काय उत्तर आले ते खालच्या चौकटीत दिसते. अनेक जण तिकडे पाहतच नाहीत. जांभळ्या ब्लॉकमध्ये कोंबडीची आज्ञा घातली असेल तर मिनिटाला १२०० कोंबड्या होतात आणि फोन गोठतो. अशा वेळी कोंबड्या मारत बसू नये. आधी ब्लॉक फोडावा.

एवढे करूनही अडलात आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर ‘चालत नाही’ एवढेच सांगू नका. जावा की बेडरॉक, आवृत्तीचा क्रमांक, लिहिली तशी पूर्ण आज्ञा आणि लाल अक्षरांतला संदेश जसाच्या तसा, हे चारही द्या. आज्ञा वाचणारा जावा आवृत्तीचा ‘ब्रिगेडियर’ हा भाग मोजांग कंपनीने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. ज्याला प्रोग्रामिंगची गोडी लागली असेल त्याने तो उघडून वाचावा.