फळा दिसतो का, हे विचारणार कोण?

फळ्यावरील गणित वहीत उतरविताना एखादा मुलगा वारंवार चुकतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि हळूहळू वर्गात ‘ढ’ ठरतो. उणीव बुद्धीत नसून दृष्टीत असू शकेल, ही शंका कोणालाच येत नाही. मुलगाही तक्रार करीत नाही; कारण ज्याला जग प्रथमपासून धूसरच दिसले, त्याला इतरांना ते स्पष्ट दिसते याची कल्पना कोठून असणार?

म्हणूनच मुलांची नेत्रतपासणी तक्रारीची वाट न पाहता व्हावयास हवी. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. शालेय नेत्रतपासणी हा पुढे त्याचाच भाग बनला. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा आरोग्यतपासणी व्हावी, अशी त्यात योजना आहे.

प्राथमिक तपासणीला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली तयार केलेल्या धर्तीचा तक्ता, मोजलेले सहा मीटर अंतर आणि पुरेसा उजेड एवढे असले, की थोडे प्रशिक्षण घेतलेला शिक्षकही ती करू शकतो. मात्र प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. एक डोळा चांगला असेल, तर दुसऱ्याचा दोष झाकला जातो. मेंदू त्या अंधुक प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा ‘आळशी’ बनतो. चष्मा देऊन किंवा चांगल्या डोळ्यावर काही काळ पट्टी बांधून त्याला कामाला लावता येते. पण हा उपाय साधारण सातव्या वर्षापूर्वी जितका गुण देतो, तितका पुढे देत नाही. येथे दिरंगाईची किंमत आयुष्यभर मोजावी लागते.

तथापि नोंदवहीत नाव चढले म्हणजे कार्य संपले, असे नव्हे. चष्म्याने डोळे अधिकच बिघडतात हा गैरसमज, मुलीच्या लग्नाची चिंता आणि सोबत्यांनी ‘ढापण्या’ म्हणून केलेली थट्टा, यांमुळे मिळालेला चष्माही दप्तरातच राहतो. तो नाकावर टिकविणे हे पालक आणि शिक्षक यांचे काम आहे. किती मुले तपासली यापेक्षा किती मुलांना फळा दिसू लागला, हाच या कार्यक्रमाच्या यशाचा खरा हिशेब होय.