वकिलांची शिस्त आणि सुधारणेची संधि

वरवट बकालच्या एखाद्या शेतकऱ्याचे पैसे त्याच्याच वकिलानें दडपले, किंवा त्यास अंधारांत ठेवून परस्पर तडजोड केली, तर त्यानें दाद कोठें मागावी? कायद्यानें जागा नेमून दिली आहे, ती मुंबईस! महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची शिस्तपालन समिति तिघांची, आणि तिघेही वकीलच. तक्रारीचा निकाल वर्षाच्या आंत न लागल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतें. म्हणजे दिरंगाई समितीची, आणि दिल्लीची वाट मात्र पक्षकारास!

शिक्षेचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६१ च्या कायद्याचें ३५ वें कलम तीनच शिक्षा जाणतें: कानउघाडणी, कांहीं काळ वकिली बंद, आणि पटावरून नांव कमी करणें. कानउघाडणीस निर्ढावलेला वकील भीत नाहीं. वकिली बंद झालेला घरीं बसतो आणि मुदत संपतांच जसा गेला तसाच परत येतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत शिक्षा स्थगित ठेवून वकिलास देखरेखीखालीं परिवीक्षेवर ठेवतात. त्यानें ठराविक मुदतीनें अहवाल द्यावा, अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवण्यास शिकावें, अशा अटी असतात. त्या मोडल्या कीं शिक्षा अमलांत येते.

हा विचार आपणांस परका नाहीं. १९७८ सालीं मद्रासकडील एका वकिलानें बहिऱ्या वृद्ध अशिलास फसविल्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां न्या. कृष्ण अय्यर यांनीं शिक्षेस गरिबांच्या मोफत वकिलीची जोड दिली. न्या. ए. पी. सेन यांस ती मान्य झाली नाहीं. कलमांत जें नाहीं तें न्यायाधीशांच्या सहृदयतेवर किती दिवस सोडावयाचें? आणि गंमत अशी कीं, नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यांत दोषी ठरूनही ज्यास १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मिळाला, त्यास नव्यानें सनद घेण्यास २४-अ कलम आडवें येत नाहीं. बाहेरच्यास जी संधि, ती आंतल्यास कां नसावी?

ही सत्ता जपून वापरावी लागते, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. १९२२ सालीं इनर टेंपलनें गांधींचें नांव पटावरून काढलें, तें अशिलास बुडविल्याबद्दल नव्हे, राजद्रोहाच्या शिक्षेबद्दल. १९८८ सालीं तें परत घातलें, तेव्हां गांधींस जाऊन चाळीस वर्षें झालीं होतीं.

संसदेनें ३५ वें कलम दुरुस्त करून परिवीक्षेस जागा द्यावी. मात्र पहिली अट अशिलाचा पैसा व्याजासह परत करण्याची असावी, आणि तो पैसा बुलढाण्यासच, त्याच्या हातांत पडावा.