जर्मनांनी वसविलेले, जर्मनांविना उरलेले द्राक्षगाव

गारगोटी : महाराष्ट्रातून जॉर्जियाला जाणाऱ्या पर्यटकांची सहल बहुधा राजधानी तिबिलिसी, काझबेगीचे हिमशिखर आणि काखेती प्रांतातील द्राक्षमळे एवढ्यावरच आटोपते. तिबिलिसीच्या नैर्ऋत्येला सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले असुरेती हे गाव सहसा या कार्यक्रमात नसते. गावात शिरताच पाहुणा बुचकळ्यात पडतो. उभ्या उताराची छपरे, लांब लाकडी सज्जे, खाली जाड दगडी भिंतींची तळघरे असलेली ही घरे जॉर्जियातील नव्हेत, दक्षिण जर्मनीतील खेड्यातली वाटतात. ती तशीच आहेत, कारण १८१८ मध्ये जर्मनीतून आलेल्या शेतकरी कुटुंबांनी हे गाव वसविले. त्या वेळी त्याचे नाव होते एलिझाबेथटाल. ज्यांनी ते वसविले, त्यांचे वंशज मात्र येथे आता जवळपास नाहीत. ते का आले आणि का गेले, ही कहाणी कोल्हापूरकरांना अगदीच परकी वाटणार नाही.

तिचा प्रारंभ इंडोनेशियात होतो. एप्रिल १८१५ मध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला. त्यातून उडालेल्या सूक्ष्म कणांचे व वायूंचे पटल वातावरणात दूरवर पसरले आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. सततचा पाऊस व थंडी यांनी पिके शेतातच कुजली. सर्वाधिक होरपळ झालेल्या प्रदेशांत व्युर्टेम्बर्गचे राज्य होते. नेपोलियनच्या युद्धांनी ते आधीच पिळून निघाले होते. त्यातच तेथे वडिलोपार्जित जमीन सर्व वारसांत वाटण्याची प्रथा असल्याने पिढीगणिक शेताचे तुकडे पडत होते. तुकडेजमिनीचे हे दुखणे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही.

भुकेला श्रद्धेची जोड मिळाली. योहान आल्ब्रेख्ट बेंगेल या अठराव्या शतकातील धर्मपंडिताने बायबलच्या आधारे गणित मांडून १८३६ हे ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे वर्ष ठरविले होते. त्याच्या अनुयायांना संकटकाळातील आश्रयस्थान पूर्वेकडे, अरारात पर्वताच्या दिशेने असल्याचे वाटू लागले. रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याची आई व्युर्टेम्बर्गचीच राजकन्या होती. त्याला नव्याने ताब्यात आलेल्या कॉकेशसमध्ये कसबी शेतकरी हवे होते. जमीन, काही वर्षांची करमाफी, धर्मस्वातंत्र्य आणि सैन्यभरतीतून सूट अशा सवलती मिळताच हजारो माणसे निघाली. उल्म येथून होड्यांनी डॅन्यूब नदीमार्गे काळ्या समुद्राच्या दिशेने आणि पुढे बैल-घोड्यांच्या गाड्यांनी हा प्रवास झाला. वाटेत, विशेषतः इझमाईल येथील विलगीकरण छावणीत, रोगराईने असंख्य बळी घेतले. जे पोहोचले त्यांनी झारच्या कुटुंबीयांची नावे देऊन वसाहती उभारल्या. एलिझाबेथटालला झारच्या पत्नीचे नाव मिळाले. काथारिनेनफेल्ड, म्हणजे आजचे बोलनिसी, हे त्याच काळातले. तर आजच्या अझरबैजानातील हेलेनेनडोर्फ १८१९ मधले.

येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. आठ हजार वर्षांची मद्यपरंपरा सांगणाऱ्या देशाला या उपऱ्यांनी शिकविले तरी काय? मद्य करणे निश्चितच नव्हे. जॉर्जियात द्राक्षरस सालींसह क्वेव्री नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणात भरून रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. भूगर्भातील स्थिर तापमानात तो आंबतो व मुरतो. या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पण पुरलेला रांजण हलविता येत नाही. जर्मनांनी ओक लाकडाची पिंपे आणि घराखालचे थंड तळघर यांची पद्धत आणली. पिंप गाडीवर चढते, गाडी बाजारात जाते. १८७२ मध्ये तिफ्लिस, म्हणजे आजचे तिबिलिसी, काळ्या समुद्राशी आणि १८८३ मध्ये बाकूशी रेल्वेने जोडले गेले, तेव्हा या पिंपांना सारे रशियन साम्राज्य मोकळे झाले. उपऱ्यांनी दिला तो व्यापार.

असुरेतीची स्वतःची म्हणावी अशी एक द्राक्षजातही आहे. शाल नावाच्या एका वसाहतकऱ्याला जवळच्या जंगलात काळ्या द्राक्षाचा वेल आढळला आणि त्याने तो आपल्या मळ्यात लावला, असे सांगितले जाते. जर्मन त्याला शालचे द्राक्ष म्हणत. आज ती जात ‘असुरेतुली शावी’, म्हणजे असुरेतीचे काळे, या नावाने ओळखली जाते. वेल स्थानिक, त्याला माणसाळविणारा परदेशी आणि आज त्यापासून मद्य करणारे जॉर्जियन, असा तिचा प्रवास आहे. गावात जाऊन ते चाखल्याशिवाय परतणे म्हणजे तासगावला जाऊन बेदाणा न घेता येण्यासारखे.

सांगली जिल्ह्याचा उल्लेख ओघाने आला तरी तो अप्रस्तुत नाही. गारगोटी व भुदरगडच्या पावसाळी पट्ट्यात भात आणि ऊस पिकतो, द्राक्षवेल टिकत नाही. तो रुजला पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या तासगाव, मिरज, पलूस भागात. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून पलूस व नाशिकजवळील विंचूर येथे वाइन पार्कची योजना केली. पुढे २००८ नंतरच्या मंदीत खरेदी थंडावली आणि नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या. खाण्याच्या द्राक्षाला बाजार नाही तर बेदाण्याचा पर्याय असतो. वाइनच्या द्राक्षाला कारखान्यावाचून गती नाही. हेलेनेनडोर्फच्या शेतकऱ्यांनी हे दुखणे ओळखले होते. तेथे प्रथम फोरर व हुमेल या कुटुंबांच्या पेढ्यांनी मद्यव्यापार वाढविला. सोव्हिएत राजवटीच्या प्रारंभी ‘कॉनकॉर्डिया’ ही उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिची विक्रीची दुकाने सोव्हिएत संघातील दूरदूरच्या शहरांत होती. मद्य गाळणारा आणि विकणारा एकच, तोही शेतकरी. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातील वाचकाला याचे मर्म चटकन कळावे. संस्था तोट्यात बुडाली नाही, १९३० च्या दशकात राजसत्तेने ती मोडली.

पुढचा घाव अधिक खोल होता. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि तेथील सर्व जर्मनवंशीय एका रात्रीत संशयित ठरले. ऑक्टोबर १९४१ मध्ये कॉकेशसमधील जर्मन गावे रिकामी करण्यात आली. सव्वाशे वर्षे तेथे राहिलेल्या कुटुंबांना जुजबी सामानानिशी कझाकस्तान व मध्य आशियाकडे पाठविण्यात आले. जर्मनेतर पुरुषांशी विवाह केलेल्या स्त्रिया तेवढ्या मागे राहू शकल्या. डिसेंबर १९५५ मध्ये निर्बंध उठले, पण मूळ गावी परतण्याचा व जप्त मालमत्ता मागण्याचा हक्क मिळाला नाही. दरम्यान घरांत इतर भागांतून आलेली कुटुंबे नांदू लागली होती.

स्टालिनने त्यापूर्वी, १९४० आणि १९४१ मध्ये, पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते. जुलै १९४१ च्या कराराने त्यांच्यापैकी अनेकांची सुटका झाली आणि ते इराणमार्गे बाहेर पडले. म्हणजे जर्मन शेतकऱ्यांच्या गाड्या कझाकस्तानात पोहोचत होत्या, त्याच सुमारास पोलिश निर्वासित तेथून निघत होते. त्यांतील सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ पर्यंत राहिली. ती गेल्यावर फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची तेथे वस्ती झाली. तेच आजचे गांधीनगर. कोल्हापुरात महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभापुढे पोलंडहून येणारे वृद्ध जसे थबकतात, तसेच असुरेतीच्या दफनभूमीत जर्मन अक्षरांतील शिळांवर आपल्या पणजोबांचे नाव शोधणारे पाहुणे येतात.

असुरेती तिबिलिसीहून मोटारीने अर्ध्या दिवसात पाहून होते. जुन्या रस्त्यालगतची घरे, एकोणिसाव्या शतकातील लुथरन चर्च व दफनभूमी पायीच पाहावीत. काही घरे डागडुजी करून राखली आहेत, काही मोडकळीला आली आहेत; ती लोकांची राहती घरे असल्याने विचारल्याशिवाय अंगणात शिरू नये. दिवस हाताशी असेल तर पुढे बोलनिसीला जावे. तेथील संग्रहालयात जर्मन वसाहतकऱ्यांची माहिती मिळते आणि जवळच पाचव्या शतकातील सिओनी चर्च आहे. हेलेनेनडोर्फ, म्हणजे आजचे गोयगोल, अझरबैजानात गांजा शहराजवळ आहे. मात्र मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात त्या देशाने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर अनेक भारतीय प्रवासी कंपन्यांनी तेथील सहली थांबविल्या होत्या, हे ध्यानात ठेवून चौकशी करावी. द्राक्षतोडणीचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. त्या दिवसांत तळघरांची दारे उघडी असतात आणि रसाचा वास रस्त्यापर्यंत येतो.