बनियन कोण शिवून घेतं?

२००६ साली कराडच्या घरात मी रात्री दहाला ओपनऑफिस कंपाइल करायला लावलं. सकाळी अण्णा दुकान उघडायला निघाले तरी स्क्रीनवर अक्षरं पळतच होती. "अजून शिवून झालं नाही?" त्यांनी विचारलं. अण्णा टेलर होते, त्यामुळे मी काय करतो आहे हे त्यांना तेवढ्याच शब्दांत सांगून ठेवलं होतं. साडेनऊला लोडशेडिंग झालं. जेंटूत वीज गेली तर पॅकेजांची यादी थांबली तिथून पुढे चालू करता येते, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज पुन्हा पहिल्यापासून. आणि ओपनऑफिस हे एकच पॅकेज होतं.

जेंटू ही लिनक्सचीच एक जात. अमेरिकेतल्या डॅनियल रॉबिन्सनं ती सुरू केली आणि २००२च्या मार्चअखेर तिची १.० आवृत्ती निघाली. आधीचं नाव इनॉक. नंतर पाण्यात सर्वांत वेगानं पोहणाऱ्या पेंग्विनचं नाव मिळालं. उबंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या जातींमध्ये एखादा प्रोग्रॅम मागितला की तो तयार, म्हणजे बायनरी रूपात येतो. उघडायचा आणि वापरायचा. जेंटूत येतं ते कापड. माणसानं लिहिलेला सोर्स कोड उतरवायचा आणि आपल्याच मशीनवर त्याचा प्रोग्रॅम बनवायचा, म्हणजेच कंपाइल करायचा. हे काम करणाऱ्या यंत्रणेचं नाव पोर्टेज, आणि आपण तिला हुकूम सोडतो तो 'इमर्ज'.

एवढा उपद्व्याप कशासाठी? मित्र म्हणायचे, वेगासाठी. आपल्या प्रोसेसरला नेमकं बसेल असं कंपाइल केलं की मशीन पळतं म्हणे. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांना कधी फरक दिसला नाही. मला भुरळ पडली ती यूज फ्लॅगची. एका फाइलीत एक ओळ लिहायची: ब्लूटूथ नको, छपाई नको, अमुक हवं. मग प्रत्येक प्रोग्रॅम तेवढं वगळून किंवा घालूनच बनतो. वापरायचंच नाही ते बंद करून ठेवण्याची भानगड नाही, ते मुळात आतच नसतं. अण्णांच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे मापं असायची, 'डावा खांदा उतरता' अशी टीपसुद्धा. माझी 'मेक डॉट कॉन्फ' नावाची फाइल म्हणजे तीच वही.

पण हीच गोष्ट तयार माल देण्याच्या आड येत होती. समजा एका प्रोग्रॅमला वीस फ्लॅग आहेत. प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणजे त्याच प्रोग्रॅमचे १०,४८,५७६ वेगवेगळे नमुने होऊ शकतात. कुठला शिवून टांगायचा? पोर्टेजला तयार पॅकेज बनवणं आणि वापरणं पूर्वीपासून येत होतं. ज्यांच्याकडे दहा मशीन, ते एकावर बनवून बाकीच्यांना वाटायचे. काही अजस्र प्रोग्रॅम नावापुढे 'बिन' लावून तयारही मिळायचे. सगळ्यांसाठी उघडलेलं मोठं कोठार मात्र नव्हतं.

ते उघडलं २९ डिसेंबर २०२३ला. सध्याच्या बहुतेक पीसी-लॅपटॉपांत असतात ते ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसर, आणि ६४ बिटी आर्म, या दोन घराण्यांसाठी २० जीबीहून जास्त पॅकेजं ठेवली गेली. लिबरऑफिस, केडीई, ग्नोम, डॉकर असं सगळं, रोज ताजं होणारं. इतर प्रोसेसरांसाठी मुख्य सिस्टिमपुरतं, आठवड्यानं. शिलाई मुद्दाम सर्वसाधारण मापाची, म्हणजे कुठल्याही ६४ बिटी इंटेल-एएमडीवर चालावी अशी. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यातल्या नव्या प्रोसेसरांसाठी जरा अंगाबरोबरचा दुसरा संचही आला. प्रत्येक पॅकेजवर डिजिटल सही असते, वाटेत कुणी भेसळ केली तर पोर्टेज ते घेत नाही. घरी शिवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या टाक्यावर विश्वास ठेवायला लावायचं, तर एवढं हवंच.

बातमी वाचून मी जरा नाराज झालो, हे कबूल करतो. रात्र-रात्र जागलेल्याचा अहंकार. मग अण्णांचं आठवलं. कॉलेजात असताना मी एकदा त्यांना चिडवलं होतं, की तुम्ही एवढे टेलर, पण बनियन बाजारातून आणता. ते म्हणाले, "अरे, बनियन कोण शिवून घेतं?"

काय तयार घ्यायचं आणि काय घरी शिवायचं, हे जेंटूत पोर्टेज स्वतःच ठरवतं. कोठाराचा पत्ता असलेली छोटीशी फाइल आणि इमर्जला 'गेट-बिन-पॅकेज' असा एक पर्याय, इतकंच लागतं. मग तुमचे फ्लॅग तयार पॅकेजच्या फ्लॅगशी जुळले की ते उतरवून घेतं, न जुळले की मुकाट्यानं कापड काढून शिवायला बसतं. एकाच अपडेटमध्ये काही तयार, काही घरचं. ज्याला नको त्यानं तो पर्याय लावूच नये, सगळं पूर्वीसारखंच चालतं. गेल्या रविवारच्या अपडेटमध्ये माझी ६१ पॅकेजं होती. ५४ तयार आली, सात घरी बनली. चहा निवायच्या आत निम्म्याहून जास्त काम आटोपलेलं होतं.

पण एक गंमत माझ्या उशिरा ध्यानात आली. तयार माल हवा तर आपलं माप चारचौघांसारखं लागतं. सुरुवातीला माझी निम्मी पॅकेजं जुळायची नाहीत, कारण वर्षानुवर्षं जमवलेली फ्लॅगची लांबलचक ओळ. त्यातले कित्येक का लावले होते तेही आठवेना. एकेक काढत गेलो. 'वजा ब्लूटूथ' काढला, नाही तरी आता हेडफोन बिनतारीच आहेत. दोन-तीन फ्लॅग तर असे निघाले की ज्या प्रोग्रॅमसाठी लावले तेच आता नाहीत. ओळ अर्ध्यावर आली तशी शिलाईही कमी झाली.

'वजा कप्स', म्हणजे छपाई नको, हा मात्र अजून तसाच आहे. घरात प्रिंटर नाही. त्या एका शब्दापायी क्यूटी नावाचं तयार पॅकेज जुळत नाही आणि ते प्रत्येक अपडेटला इथंच कंपाइल होतं, लॅपटॉपचा पंखा घोंघावत राहतो. राहू दे.